गच्चीवरचं जेल

बरखेडा, भोपाळ

ती. इंदूमावशीस,
विनिताचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? उज्जैनचं ऊन सोसतंय ना? फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर सासूबाई शेजारीच असतात.

माझं संशोधन तुला माहीत आहेच (नसेल तर सांगते). सुपरकपॅसिटर ही बॅटरीची उतावळी बहीण, झटकन भरते, झटकन रिकामी होते. कार्बनच्या दोन पट्ट्या आणि मध्ये खारं, ओलसर जेल. त्या ओलाव्यातूनच विजेचे कण ये-जा करतात. पण इथल्या मे महिन्यात जेल सुकतं आणि कणांची वाट बंद. ग्लिसरीन घातलं तर ओल टिकते, पण जेल इतकं चिकट होतं की कण आपले रांगत निघतात. नेमकं किती घालायचं, हा विचार मला जेवतानाही सोडत नाही.

म्हणून ग्लिसरीनची वेगवेगळी मापं घातलेले जेलचे पारदर्शक तुकडे चिठ्ठ्या लावून गच्चीवर उन्हात ठेवले आणि लॅबला गेले. शेजारी सासूबाईंचे साबुदाण्याचे पापड होते. परत येते तो सगळं एकाच डब्यात! चिठ्ठ्या कचऱ्यात.

"अगं, तुझे वाळतच नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मी दोनदा पलटले."

रडूच आलं मला. परवा गाईड सरांना निकाल दाखवायचे होते. मग आम्ही तिघं डबा घेऊन बसलो. मोडेल तो पापड, वाकेल ते जेल. सासरे (आयुष्यभर अजस्र ट्रान्सफॉर्मर तपासलेले) चष्मा लावून माझ्या इवल्याशा मीटरपाशी. एकेक जेल पट्ट्यांमध्ये दाबून चार्ज केलं, आणि एकाने चिमुकला एलईडी दिवा चक्क पेटवला! कोणत्या मापाचं, देव जाणे.

"माझाही लाव की," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं मन राखायला पापड मिठाच्या पाण्यात भिजवून पट्ट्यांमध्ये दाबला. मावशी, दिवा लागला! मिणमिणता, क्षणभरच, पण लागला. सासरे म्हणाले, "फिर से लगाओ." आता मला प्रश्न पडलाय, साबुदाण्याचं पीठच जेलमध्ये मिसळलं तर? सरांना खरं तेच सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "करून बघ."

तुझी,
विनिता

ता.क. खरं काम हे. सासूबाईंना महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. मला गच्ची हवी आहे.

ता.ता.क. पत्र त्यांनी वाचलं. म्हणतात, "प्रयोग अर्धवट टाकून मी कुठे जाऊ? इंदूलाच इकडे बोलाव." तर मावशी, कधी येतेस?