पोरांच्या नावची ठेव

पोर्ट पिरी, १२ मार्च २००३

ती. डल्सीमावशीस, सा.न.

मर्लचं सगळं पार पडलं. बारा वर्षं सासू होती, डॅरिल सोडून गेल्यावरही पाच वर्षं होतीच, पण माझ्या हातच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हणाली नाही. आणि मरताना घर विकून आलेले सगळे पैसे टेगन आणि लॉकीच्या नावे ठेवून गेली. दोघं अठरा वर्षांची होईपर्यंत विश्वस्त म्हणून सांभाळायचे मी. पोटच्या मुलावर विश्वास नव्हता तिचा. जुगाराचं मशीन दिसलं की डॅरिल स्वतःचं नावही विसरतो, हे तिला आपल्याहून जास्त ठाऊक.

आता माझं शहाणपण ऐक. एकट्या आयांना सरकार देतं त्या भत्त्याच्या कार्यालयात खिडकीवरच्या बाईने विचारलं, त्या पैशांवर सही कोणाची चालते. मी म्हटलं, माझी. ज्याच्या हातात चाव्या, त्याचाच माल असा तिथला नियम. पुढच्या पंधरवड्यापासून माझा भत्ता बंद. शाळेची फरशी पुसून आठवड्यातल्या तीन सकाळींचे पैसे मिळतात तेवढ्यावर घर. पोरांच्या पैशाला मी हात लावणार नाही. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत झाले आणि पावाला महाग झाले.

वकील म्हणतात, दुसरं कोणी विश्वस्त झालं तर मी सुटेन. मी नुसतीच बाजूला झाले तर मृत्युपत्रात दुसरं नाव डॅरिलचं आहे. तुझ्याशिवाय मला कोण आहे सांग.

तुझी दमलेली,
जनेल


स्ट्रीकी बे, २० मार्च २००३

चि. जनेलला, अ.आ.

कागद पाठवून दे, सही करते. एवढ्यासाठी तीन पानं कशाला लिहिलीस? पहिल्या ओळीत विचारलं असतंस तर तिकिटाचे पैसे वाचले असते.

मर्लचं मला नवल वाटत नाही. तुझ्या लग्नात ती माझ्या शेजारी बसली होती, आणि नवऱ्यामुलाकडे असं बघत होती, जणू कोणी तिला जुनी गाडी नवी म्हणून विकली आहे. बाई कडू होती, पण आंधळी नव्हती.

माझी काळजी करू नकोस. मला म्हातारपणाचं पेन्शन आहे, छप्पर स्वतःचं आहे. तुझा भत्ता सुरू झाला की दोन ओळी टाक. टेगनला म्हणावं, नखं खाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच,
डल्सीमावशी


पोर्ट पिरी, २ जुलै २००३

ती. डल्सीमावशीस, सा.न.

भत्ता मे महिन्यातच सुरू झाला. मागचंही मिळालं. किती महिन्यांनी रात्रभर झोपले. आठवड्यातून दोनदा घरात मटणाचे चॉप्स शिजतात, लॉकीला नवे बूट आले. त्याचे पाय थांबायचं नावच घेत नाहीत.

मागच्या दोन्ही पत्रांत विचारलं होतं, तुझ्या पेन्शनवाल्यांनी या ठेवीबद्दल काही विचारलं का? तू टेगनच्या नखांवर लिहितेस आणि याचं उत्तर देत नाहीस. लॉकीच्या शाळेचं शिबिर आहे, त्याची फी ठेवीतून देता येईल का तेही कळव. सुट्टीत ये, मावशी. तुझ्या क्रीम स्पंज केकशिवाय या घरात वाढदिवस झाल्यासारखा वाटत नाही.

वाट बघणारी,
जनेल


स्ट्रीकी बे, १० सप्टेंबर २००३

चि. जनेलला, अ.आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शिबिराची फी थेट शाळेला पाठवली, पावती जपून ठेवली आहे. पोरांच्या प्रत्येक सेंटचा कागद माझ्याकडे आहे.

सुट्टीत येणं जमलं नाही. बसचा प्रवास आता झेपत नाही. गाडी विकून टाकली, नजर साथ देत नव्हती. यंदा जून-जुलैची थंडी फार होती, पण साडेसहालाच पांघरुणात शिरलं की काही कळत नाही. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या त्या बोल्सच्या क्लबातही जात नाही, त्या बायका बोलतात फार आणि खेळतात कमी. बारीक झाले आहे, डॉक्टर खूश आहेत.

स्पंजची कृती सोबत लिहिली आहे. तू केलास तर फुगायचा नाही, खाली बसणार, पण करून बघ.

तुमचीच,
डल्सीमावशी


पोर्ट पिरी, ४ ऑक्टोबर २००३

ती. डल्सीमावशीस, सा.न.

तुझ्या क्लबातल्या थेल्माचं पत्र आलं. ती लिहिते, बायकांच्या चहाला प्रत्येकीने काहीतरी करून ताटली भरून न्यायची असते, आणि जूनपासून डल्सी येत नाही, कारण ताटलीत घालायला तिच्याकडे काही नसतं. हीटर बंद, गाडी गेली, पेन्शन निम्म्यावर आलेलं. कारण पोरांच्या ठेवीच्या चाव्या आता तुझ्या हातात.

तुझी नजर अधू झाली नाहीये, मावशी. तू खोटं बोललीस. मी इथे चॉप्स खात होते आणि तू साडेसहाला थंडीत झोपत होतीस. मला इतकी लाज वाटते आहे आणि तुझा इतका राग आला आहे, की दोन्ही एका पत्रात मावत नाहीत. आजच्या आज विश्वस्तपद सोड.

जनेल


स्ट्रीकी बे, ११ ऑक्टोबर २००३

चि. जनेलला, अ.आ.

थेल्माला एक दिवस बघून घेईन.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं पेन्शन कापणार ते. मी होऊन पत्करलं. का, ते आता सांगून टाकते, कारण माझं वय एकाहत्तर आहे आणि मी थकले आहे.

तुझे वडील रेल्वेच्या कामावर अपघातात गेले, तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझ्या नावे भरपाई आली होती. काढायला दोन सह्या लागायच्या, तुझ्या आईची आणि माझी. आयलीन दर महिन्याला कागद घेऊन यायची, खुर्चीवर बसायची, पैसे कशाला हवेत ते सांगायची नाही. मी सही करायचे. एकदाही नाही म्हटलं नाही. तू चौदाची झालीस तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं. तुला नर्स व्हायचं होतं. आज तू शाळेच्या फरशा पुसतेस, आणि तुझं पत्र आलं की मला माझी सहीच दिसते.

या वेळी मला सांभाळू दे. थोडी थंडी सोसली तर मी मरत नाही.

जमलं तर माफ कर,
डल्सी


पोर्ट पिरी, १९ ऑक्टोबर २००३

ती. डल्सीमावशीस, सा.न.

मला माहीत होतं. सोळाव्या वर्षी पासबुक घेऊन मीच बँकेत गेले होते. घरी येऊन आईला विचारलं, तर ती पाठ फिरवून बटाटे सोलत राहिली. तुझ्यावर मी दोन वर्षं धुमसत होते. तुला वाटलं, वयात आलेल्या पोरी अशाच फटकून वागतात.

ठेव आता सरकारी विश्वस्त कार्यालयाकडे देते आहे. ते दरवर्षी आपला खर्च कापून घेतील, पोरांना थोडं कमी मिळेल. मी दोघांना समोर बसवून सांगितलं. टेगनने विचारलं, किती कमी. मी सांगितलं. ती म्हणाली चालेल, आणि लॉकीने विचारलं की मग मावशीआजी हीटर लावेल का.

कागद सोबत आहे, खुणेच्या जागी सही कर. शनिवारच्या बसने आम्ही तिघं येतो आहोत. खायचं आम्ही आणू.

आणि मावशी, बाबांच्या पैशांतून आईने स्वतःला एक कोटसुद्धा घेतला नव्हता. घरभाडं भरलं, दूध आणलं, माझे दात नीट करून घेतले. ते पैसे माझे होते आणि ते माझ्यावरच गेले. तू सही केली नसतीस तर मी त्या घरात वाढलेच नसते.

शनिवारी दार उघड,
जनेल