उठताना टॅब पुसायचे

प्रिय बाबा,

अक्षर बघून घाबरू नका, मला बरंबिरं नाही असं काही नाही. कागद मांडीवर ठेवलाय एवढंच. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून लिहितेय. आमच्या वॉर्डातले सात नंबरचे सुतारकाका कालपासून अतिदक्षता विभागात आहेत. रक्त पातळ करायची गोळी तीन दिवस जास्त दिली गेली, नाकातून रक्त थांबेना. दिली मोठ्या सिस्टरनी. आज तीन वाजता त्यांची चौकशी आहे आणि त्यांची नोकरी गेल्यातच जमा, असं सगळे बोलतायत.

तुमचा टाइपरायटर आठवतोय. तक्ता करायचा असला की तुम्ही आधी टॅबचे थांबे लावायचात. मग कळ दाबली की गाडी पळत जाऊन बरोबर रकान्यावर थांबायची आणि मी टाळ्या पिटायचे. उठताना मात्र सगळे थांबे पुसायचेच. पुढचा माणूस बसला की त्याचा तक्ता बिघडायला नको. घरच्या मशीनवरही तीच सवय; जेवणाची ताटं वाढलेली असायची आणि तुम्ही आपले टॅब पुसत बसलेले. आई म्हणायची, या मशीनशीच लग्न करायचं होतं!

आमच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटर टर्मिनलवरही अगदी तस्संच असतं. फक्त कळीऐवजी टॅब्स असा शब्द आणि पुढे आकडे टाइप करायचे, की थांबे बदलतात. पुन्हा कोणी बदलेपर्यंत ते तसेच राहतात. सिस्टर औषधांची यादीही याच पडद्यावर बघतात; नावं लांबलचक, म्हणून तिच्यासाठी थांबे लांब लांब ठेवलेले असतात. सोमवारी मला ड्यूटीचा तक्ता एका पडद्यात बसवायचा होता, म्हणून मी ते जवळ जवळ आणले. तक्ता कसा सुरेख बसला म्हणून सांगू! तेवढ्यात घड्याळ बघितलं. तुमच्याकडे यायची बस चुकणार होती. पर्स उचलली आणि पळाले.

तीन दिवस मी तुमच्याकडे लोळत होते, आणि इकडे त्या गोळीचं लांब नाव थांबा ओलांडून पुढे गेलं. त्या ओळीतले आकडे एकेक रकाना सरकले. डॉक्टरांनी गोळी पाचावरून दोनवर आणली होती. नव्या डोसाच्या रकान्याखाली जुना पाच दिसत राहिला. सिस्टरनी जे दिसलं ते दिलं. त्यांची काय चूक? सुतारकाकांनी गेल्या आठवड्यात माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बघून कागदाची घडी खाली सारली होती. ती अजून तिथेच आहे.

आता खरं सांगते. काल सकाळी येऊन बसले, पडदा बघितला आणि सरकलेले आकडे दिसले. मी इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप एक ओळ टाइप करून थांबे पूर्ववत केले. आता पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. सिस्टर रडत सांगतायत की तिथे पाचच होता. कोणाचा विश्वास नाही. मी कालपासून मूग गिळून बसलेय. लाज वाटते, पण भीती तिच्याहून मोठी आहे, बाबा.

तुमच्या ऑफिसात एकदा कोणीतरी टॅब न पुसता उठलं होतं आणि बिघडलेल्या तक्त्यासाठी तुम्हाला मशीनवरून उठवून जावक टपालाच्या टेबलावर बसवलं. तो कोण ते तुम्हाला ठाऊक होतं. नाव घेतलं नाहीत, तो आपणहून येऊन सांगेल म्हणून वाट बघत राहिलात. रिटायर होईपर्यंत आला नाही. आता पावणेतीन झालेत. कोपऱ्यावरच्या पेटीत हे आधी टाकते आणि मगच वर चौकशीच्या खोलीत जाते. पत्र एकदा पेटीत पडलं की तुम्हाला कळणारच, मग मला जिन्यावरून मागे फिरता येणार नाही. म्हणूनच लिहिलं.

तुमचीच,
खारूताई