एकसारख्या एकशे ऐंशी बाटल्या

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकणं कागदावरच समजा, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? मामींना खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगा. इथे मी सोडून सर्व क्षेम.

मामा, माझं काम काय ते तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी सांगायला लागले की डुलकी काढता. या वेळी जागे राहा. नदीतला गाळ आम्ही वाळवतो, दळतो, चाळतो, पिंपात एकजीव करतो आणि एकशे ऐंशी बाटल्यांत भरतो. त्यात शिसं किती ते ठरवून बाटल्या इतर प्रयोगशाळांना पाठवतो. त्या आपापली यंत्रं त्यावर पडताळतात. बाटल्याच एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर उद्या एखाद्या शाळेच्या मैदानातली विषारी मातीही चांगली ठरेल. म्हणून आधी कुठल्याही दहा बाटल्या उचलायच्या, छोट्या चमच्याने प्रत्येकीतून दोन चिमटी काढायच्या आणि शिसं सगळीकडे सारखं निघतं का पाहायचं. नऊ बाटल्या शहाण्यासारख्या वागल्या. एकसष्ट नंबरची एक चिमूट बरोबर, दुसरीत शिसं दुप्पट!

आधी यंत्रावर संशय घेतला. दुरुस्तीवाला आला, दोन तास यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला आणि "यंत्र ठणठणीत आहे, तुमचं तुम्ही बघा," म्हणून गेला. साहेब रोज दारातून मान आत घालून "झालं का?" विचारत (या माणसाला दुसरं वाक्य येतच नाही). शेवटी माझं डोकं फिरलं आणि बाटल्या भरणाऱ्या काकूंना मी सगळ्यांदेखत म्हणाले, "नीट एकजीव केलं असतंत तर ही वेळ आली नसती." त्याच त्या, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या. बावीस वर्षं हेच काम करताहेत.

सगळ्या बाटल्या परत पिंपात ओतल्या, पिंप आडवं करून गडगडवलं (कंबर गेली ती तिथे), पुन्हा भरल्या. पुन्हा दहा बाटल्या. आता एकशे चौदा नंबरची फिरली! मी टेबलावर डोकं टेकलं. तेवढ्यात काकू किल्ल्या ठेवायला आल्या.

"उद्यापासून मी येत नाही," त्या म्हणाल्या. "पण बाई, पंख्याने कागद उडतात म्हणून त्यांवर ते काळं ढेकूळ ठेवता ना, ते कशाचं आहे हो?"

मामा, ते तुमच्या मासे धरायच्या गळाचं वजन. तुम्हीच हौसेने दिलेलं. शिशाचं! कागद उडाला की मी हातमोज्यानेच ते उचलत होते आणि त्याच बोटांनी चमच्याचं टोक पुसत होते. ढेकूळ खोलीबाहेर गेलं आणि वीसच्या वीस चिमटी जुळल्या. साहेब चक्क "झालं!" म्हणाले. काकू मात्र गेल्या त्या गेल्याच.

तुमची,
वैतागलेली भाची

ता. क. : काकू माझा फोन उचलत नाहीत. सोबतचं पाकीट त्यांना वर नेऊन द्याल का? खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २ : पाकीट काढून घेतलं आहे. आतलं पत्र पुन्हा वाचलं, तर दोन पानं यंत्र, पंखा आणि तुमचा गळ यांवरच. 'माझं चुकलं' कुठेच नाही. रविवारी मीच येते. तुम्ही फक्त त्यांच्या दारापर्यंत सोबत चला. बेल मी वाजवीन.