दाराबाहेरचे बूट

सनीव्हेल, ३० ऑक्टोबर २००६

प्रिय शोभना,

अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. मी निमिषकडे आले आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर, नात इंग्रजीत उत्तरं देते आणि मी तिला मराठीत रागावते. ठीक चाललं आहे.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, एका शाळेच्या हॉलमध्ये, फराळाच्या रांगेत माझ्यापुढे मोहन उभा. आपला मोहन. लेकीकडे क्युपर्टिनोला आलाय. केस गेलेत, चकल्या मात्र अजून दोन-दोन उचलतो. तुरुंगातून सुटून तो नागपूरला गेला, त्यानंतर मीच कधी त्याच्यासमोर गेले नव्हते. त्या पाडव्याबद्दल त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होते?

शहात्तरच्या दिवाळीतला पाडवा. आणीबाणीला सोळा महिने झालेले, मोहन 'विनय' नावाने भूमिगत, आणि आपली पत्रकं तुझ्या घरून जायची. नियम माझाच होता: घरात धोका नसेल तरच दारात रांगोळी. त्या सकाळी साध्या वेशातले दोन पोलीस आत येऊन बसले, आणि तुझ्या सासूबाईंनी सणाचा दिवस म्हणून तुझ्या हातात रांगोळीचा डबा दिला. तू सवयीने काढलीस. मोहन आला आणि पकडला गेला. मग मी तुला चारचौघांत म्हणाले की तूच त्याला धरून दिलंस. त्यानंतर आपण बोललो नाही.

परवा मी त्याला खुर्चीवर बसवून हे सगळं सांगितलं. तो हसायला लागला. तुझ्या सासूबाईंनी म्हणे त्या दोघांना बूट बाहेर काढायला लावले होते. रांगोळीशेजारी तांबड्या सरकारी बुटांचे दोन जोड, त्याला कोपऱ्यावरूनच दिसले. मग मागे का नाही फिरलास, म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"दमलो होतो गं," तो म्हणाला. "सोळा महिने मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नव्हती. आत गेलो, त्यांनी विचारलं, मोहन तूच का? हो म्हणालो. फार बरं वाटलं."

मी त्याच्यावर आणखी चिडायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्याच ताटलीतला लाडू खाल्ला आणि घरी येऊन दुपारभर गाढ झोपले.

तो तुला फोन करणार होता. मी थांबवलं, कारण तेव्हा बोलले होते मी. शोभना, तुझ्या हातून काहीही वाईट झालं नव्हतं. तीस वर्षं तू जे ओझं वाहिलंस ते मी तुझ्यावर टाकलं होतं, आणि चूक माझी होती. मला माफ कर. आज जमलं नाही तरी चालेल. डिसेंबरात पुण्याला येते आहे, तेव्हा हेच तुझ्यासमोर उभी राहून सांगेन.

बोलली नाहीस, तरीही तुझीच,
वसुधा