दोन बैल देऊन आणलेली जीप

६ डिसेंबर १९४६, धाड
जीप आली. मलकापुराहून दोन दिवस लागले. राजूरच्या घाटात माझी जोडी दमली. रिकामी गाडी घेऊन परतणाऱ्या एका गाडीवानाने आपले बैल पुढे जुंपून दिले, म्हणून वर निघालो. लोक हसत होते. एक जण म्हणाला, "बुढेबा, मोटर बैलाले ओढते का बैल मोटरले?" मी कासरा ओढून पुढे निघालो.
लष्कराच्या लिलावातली आहे. टप नाही, पुढची काच तडकलेली, सीटमधून काथ्या बाहेर. इंजिन बंद. विकणारा म्हणाला, किरकोळ काम आहे. किरकोळ असते तर त्याने स्वतःच का केले नाही, हे मला घाट चढून आल्यावर सुचले.
आमचा नामदेव ओट्यावर बसलेला होता. त्याने जीप पाहिली. उठून मागच्या अंगाला गेला.

७ डिसेंबर
ठरल्याप्रमाणे माणूस आला आणि पवळ्या, मोत्या दोघांना घेऊन गेला. मोत्याने वळून पाहिले. ही सकाळपासून बोलत नाही. दुपारी एकदाच म्हणाली, "पोराले मोटर पाह्यजे, हे तुमाले कोणं सांगतलं?"
कोणी नाही. नामदेव लढाईवरून येऊन दहा महिने झाले. ब्रह्मदेशात तीन वर्षे त्याने हीच गाडी चालवली. इथे आल्यापासून बैलगाडीचा कासराही हातात धरला नाही. जेवतो, ओट्यावर बसतो. मला वाटले, हाताला ओळखीचे काम मिळाले तर माणूस उठेल. चार बुके शिकलेल्या माणसाला याहून काय सुचणार.

११ डिसेंबर
नामदेव पडवीतल्या जीपजवळ जात नाही. पडवीतून जायचे तर मागून वळसा घालून जातो.
झोप नाही. चूक झाली असे वाटते.

१९ डिसेंबर
रहेमान मिस्त्रीला बोलावले. जिनिंगची इंजिने दुरुस्त करतो, गावात तेवढाच जाणकार. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिला. मग म्हणाला, "गणपतभाऊ, बैल वापस भेटतीन का?" आणि स्वतःच हसला. मला हसू आले नाही. कामाला लागतो म्हणाला.

२ जानेवारी
र. मि. ने कार्बोरेटर खोलून कापडावर मांडला. जोडताना एक बारीक तुकडा शिल्लक राहिला. तो हातात घेऊन मिस्त्री विचार करत होता. ना. ओट्यावरून म्हणाला, "तो फ्लोटच्या खाली बसते."
तेवढेच. पण हिने चुलीपाशी ऐकले. डोळ्याला पदर लावला.

४ जानेवारी
ना. स्वतः उठून आला. मिस्त्रीच्या हातातला पाना घेतला. मी आत निघून गेलो, कारण मी पाहत राहिलो असतो तर तो परत बसला असता.

१७ जानेवारी
रोज काम. रेडिएटर झाळून आणला. ट्यूबला सात ठिगळे. मी बाजूला बसून खिळे, नटांच्या चाक्या रॉकेलमध्ये धुतो. माझ्या हाताला एवढेच देतात. गाडीच्या आसाला चाळीस वर्षे तेल घातलेला माणूस मी, पण इथे कुठे हात लावला की ना. म्हणतो, "बा, तुम्ही राहू द्या."
बॉनेटवर लोखंडी पट्ट्यांचे चार तुकडे वेल्ड केलेले आहेत. मी विचारले, हे कशाचे. ना. ने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "स्ट्रेचर बांधाचे."

१८ जानेवारी
आज ना. उठला नाही. मी ते विचारायला नको होते.

२६ जानेवारी
वडनेर भोलजीहून पुन्हा पोस्टकार्ड. हे तिसरे. वामन नावाचा मुलगा ना. च्याच पलटणीत होता, तो आला नाही. त्याची आई दुसऱ्याकडून लिहवून घेते. मजकूर तोच, "माझा वामन शेवटी काय बोलला तेवढं येऊन सांगून जा. दुसरं काही मागत नाही." ना. ने कार्ड वाचले, घडी घातली, ट्रंकेत टाकले. पहिली दोन्हीही तिथेच आहेत. मी पाहिली आहेत.

९ फेब्रुवारी
इंजिन सुरू झाले. धूर इतका की शेजारी घागर घेऊन धावले. रहेमानने टाळ्या वाजवल्या. ना. ने बटण बंद केले आणि हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

१५ फेब्रुवारी
ब्रेकचे काम. बाकी सगळे ना. मिस्त्रीला करू देतो, ब्रेक नाही. चारही चाके स्वतः खोलली. रबरी वायसर नवीन, मिस्त्रीने बुलढाण्याहून आणले. ब्रेकच्या तेलाची एकच बाटली मिळाली. ते तेल कुठे असते ते ना. ने मला दाखवले, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्यात झाकण आहे.
मिस्त्री गेल्यावर खाली पडल्या-पडल्याच बोलला. चेहरा दिसत नव्हता, पाय तेवढे बाहेर.
"उतार होता, बा. चिखल. ब्रेक दाबला तं पायाखाली काईच नोतं. वामन बॉनेटवर पट्ट्यानं बांधेल होता. पोटात गोळी. मले म्हणे, हळू चालव बे, जेवण हालते." खालून पाना फिरवल्याचा आवाज आला. "मी उडी मारली."
मी चाक्या धूत राहिलो. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

१६ फेब्रुवारी
हिला सांगितले नाही. लिहिले हेही बरे केले की नाही.

२३ फेब्रुवारी
ना. ने जीप वेशीपर्यंत नेऊन आणली. ही बाजूला बसली होती, एका हाताने डोक्यावरचा पदर आणि दुसऱ्याने कडी धरून. उतरल्यावर म्हणाली, "हाडं खिळखिळी झाली माय." पण हसली. वर्षभरात पहिल्यांदा.
जेवताना ना. म्हणाला, "शनिवारी वडनेरले जाऊन येतो."
मी म्हणालो, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटरने जा. तो म्हणाला, "नाई. हिच्यातच जातो."

२८ फेब्रुवारी
पेट्रोलच्या रेशनची चिठ्ठी र. मि. ने कुठून तरी मिळवली. टपाला ताडपत्री शिवून झाली. ना. ने दाढी केली.
वडनेरच्या वाटेवरच्या राजूर घाटाचा विचार डोक्यातून जात नाही. मी त्या घाटात कापसाच्या गाड्या उतरवल्या आहेत. मागे ओंडका बांधायचा, तो जमिनीवर ओढत येतो, गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. ना. ला म्हणालो, ओंडका बांधू का. तो हसला. हसला म्हणून मी गप्प बसलो.

१ मार्च
ना. सकाळी गेला. तिन्ही पोस्टकार्डे खिशात घातली. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाला.
निघण्याआधी तो आंघोळीला गेला होता तेव्हा मी पायाखालचे झाकण उघडून पाहिले. तेल दोन बोटे कमी. आसाला तेल घातल्याशिवाय माझी गाडी आजवर वेशीबाहेर गेली नाही. भिंतीला एरंडेलाची बांबूची नळी टांगलेली होती, पण एवढ्या यंत्राला बैलगाडीचे तेल कसे घालायचे. म्हणून इंजिनाच्या तेलाचा डबा घेतला, चांगले महागाचे, आणि काठापर्यंत भरले. ना. ला बोललो नाही. हात लावू नका म्हणाला असता.
वेशीवर त्याने हात वर केला. बरे वाटले.

१ मार्च, दुपार
रहेमान पाने न्यायला आला. डबा उघडा पाहून म्हणाला, "इंजिनात तं पुरं होतं. हे कायले काढलं?" मी सांगितले. तो खाली बसला.
"गणपतभाऊ, ब्रेकमंधी? त्यानं रबर फुगते ना. सारे वायसर खराब होते."
"केव्हा?"
"आज ब्रेक धरीन कदाचित. उद्याचा भरवसा नाई." मग भिंतीकडे पाहून म्हणाला, "ते एरंडेल टाकलं असतं तरी चाललं असतं. ब्रेकच्या तेलात तेच असते."
सायकल घेऊन बुलढाण्याला गेला, तार करायला. सर्व्हिस मोटर कधीच गेली होती. गोठा रिकामा. मी कशाने जाणार.

२ मार्च
रहेमान सकाळी आला. वडनेरला तार केली, पोचली की नाही ते कळायला मार्ग नाही. घाटाच्या तोंडाशी चहावाल्याला विचारून आला. एक जीप काल घाटात उतरताना त्याने पाहिली. खाली पोचली का, ते तिथून दिसत नाही.
हिला अजून सांगितलेले नाही. दुपार टळली. तिने त्याच्या वाटच्या भाकरी झाकून ठेवल्या आहेत. म्हणते, "येईन. वामनची आई ते, एका दिवसात थोडीच सोडते त्याले."
रहेमान पुन्हा गेला आहे, या वेळी घाट उतरून जातो म्हणाला.
उन्हे पडवीतून सरली. जीप होती तिथे तेलाचा डाग आहे. मी ओट्यावर बसलो आहे, नामदेव बसायचा तिथेच. रस्ता इथून वळणापर्यंत दिसतो.