दादाच्या पेटीतली लाल माशी

वहिनी,

तू झोपलेलीस म्हणून उठवलं नाही. दादाची मासे धरायच्या फ्लायची पेटी घेऊन टिटवाळ्याला, काळू नदीवर चाललोय. त्याच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, तेव्हा मी मोठ्याने बोललेलो ना, "तुझ्या माश्या मी पाण्यावर नेईन," आणि लगेच शिवला. आता वर्षश्राद्ध आलं, शब्द पाळायलाच हवा.

गळाला पिसं बांधून त्याने केलेल्या सगळ्याच माश्या नेत नाही. तोच म्हणायचा, दुकान मांडू नको, कुठल्याही पाण्यात चालतील एवढ्याच घे. म्हणून तरंगणाऱ्या दोन घेतल्या, एक काळी, एक तपकिरी. तळाशी जाणारी जड मण्याची एक, आणि बारक्या मासळीसारखी दिसते ती चंदेरी. बाकीच्या तुझ्या कपाटात ठेवल्यात, आईला दाखवू नको. तिची बीपीची गोळी नाश्त्यानंतर दे. मी पाण्यात उतरणार नाही, काठावरूनच टाकेन.

एक विचारायचं होतं. दादाला नदीतून काढला तेव्हा त्याच्या बाहीत लाल माशी अडकलेली. ती मी कोणाला न सांगता सरणावर त्याच्या छातीवर ठेवलेली. आता निघताना पेटी उघडली, तर चंदेरीच्या शेजारी तीच आहे. ओली आहे गं.

उठलीस की फोन कर आणि सांग, ती तूच बांधून ठेवलीस म्हणून. तुला साधी गाठ बांधता येत नाही, माहितीये मला. तरी सांग.

दिपेश