तीन फुटांचा सज्जा

मंगळवार, बसवनगुडी

नव्या घराच्या भिंती भिजू नयेत म्हणून छपराचा सज्जा तीन फूट काढायचा हट्ट माझाच. आज फळ्या ठोकल्या आणि शेजारच्या अक्कांचं वाळवणाचं अंगण सावलीत गेलं. माझे कान तिखट. भिंतीपलीकडे त्या सुनेला म्हणाल्या, "अण्णांना बोलू नकोस काही, हौसेनं बांधतायत. संडगे गच्चीवर घालू." गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही! मी खोकलो. लगेच हाक आली, "अण्णा, सज्जा झकास हं!"

आणि मी काय म्हणालो? "थँक्यू, अक्का." थँक्यू! इतका कसा मी निर्लज्ज?

उद्या काँक्रीट पडायच्या आत मिस्त्रीला दीड फुटावर आणायला सांगतो. अक्कांनी विचारलं तर म्हणेन, पैसे कमी पडले. मी, आणि पैसे कमी पडले! पण म्हणेन.